पुसलेले उणे

१२ सप्टेंबर १९५५, सोमवार. खोडाळा

शाळेतल्या सरकारी रेडिओची छोटी बॅटरी आज संपली. जुलैत यंत्र आले तेव्हापासून तीच होती. दोन महिने पुरेल असे कागदावर लिहिले होते आणि ती तेवढीच पुरली. कागदावर लिहिलेले खरे ठरले की मला बरे वाटते.

यंत्राला दोन बॅटऱ्या लागतात. मोठी चौकोनी वर्षभर चालते, तिच्याकडे पाहावे लागत नाही. छोटी दीड व्होल्टची. ती आतल्या काचेच्या दिव्यांच्या तारा तापवते. मंगळू शिपायाने नवी बसवली आणि जुनी फेकू का म्हणून विचारले. मी म्हटले, सरकारी वस्तू आहे, थोडा जीव असेल तर वाया घालवू नये. तेव्हा त्याने जुनीही नवीच्या शेजारी ठेवून दोघींच्या तारा एकत्र जोडल्या. म्हणाला, नवा खोंड एकटा जुंपत नाहीत, जुन्या बैलाच्या जोडीला देतात, म्हणजे ओझे वाटले जाते. बरे केले. संध्याकाळी बाजारभाव आणि गाणी स्वच्छ ऐकू आली.

रेडिओच्या वहीत आज वाजवल्याचे तास लिहिले: अडीच.

२४ सप्टेंबर, शनिवार

बॅटरी गेली. बाराच दिवसांत. गाण्याच्या मध्येच आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. माझी घरमालकीण गोदीबाई पुढेच बसली होती. म्हणाली, "बाई, तुमच्या पेटीला खोकला झालाय."

ठेवणीतल्या दोनांपैकी एक काढून बसवली. मंगळूने आज संपलेली तिच्या शेजारी जोडली. तास लिहिण्यात माझी चूक झाली असेल म्हणून वही तीनदा तपासली. रोज अडीच तास. एके दिवशी पावणेतीन, तेही लिहिलेले आहे.

रोज अडीच तासांनी दोन महिने पुरणारी बॅटरी बारा दिवसांत संपायची तर यंत्र रोज बारा-तेरा तास वाजले पाहिजे. हा हिशेब मी तोंडी केला आणि करायला नको होता असे वाटले, कारण शाळेची किल्ली मंगळूकडे असते.

२८ सप्टेंबर, बुधवार

लिहायला लाज वाटते, पण लिहायचेच असे ठरवले आहे. काल संध्याकाळी यंत्राच्या बटणावरून शिवणाचा पांढरा दोरा आडवा बांधला. कोणी बटण फिरवले तर तुटेल असा. आज सकाळी दोरा जागच्या जागी होता. मला इतका आनंद झाला की मंगळूला उगाचच विचारले, चहा घेतलास का.

तो झाडत होता. म्हणाला, "बाई, तो दोरा मघाशी झाडताना तुटला. मी परत बांधला. तुमाला वाईट नको वाटाया."

म्हणजे दोऱ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि त्याला सगळे कळले आहे.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरीही गेली. पुन्हा बाराच दिवस.

मी बाबांना पत्र घातले होते. त्यांनी आज एस.टी.च्या कंडक्टरबरोबर दोन वस्तू पाठवल्या: त्यांचा खिशातल्या घड्याळासारखा व्होल्टमीटर आणि त्यांची निळी वही. जव्हारच्या राजवाड्याच्या वीजघरात बाबा आधी इंजिनात तेल घालायचे, मग वायरमन झाले. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर वीजघर बंद पडले आणि ते कचेरीत दप्तरी म्हणून लागले. व्होल्टमीटर मात्र अजून कोटाच्या खिशात असायचा. वेळ विचारली तर कधी कधी चुकून तोच काढायचे. तो त्यांनी दिला म्हणजे काम गंभीर आहे हे त्यांना कळले आहे.

शेवटची नवी बॅटरी: १.५ व्होल्ट. आज संपलेली: १.१. म्हणजे जुनीत अजून बराच जीव आहे. मंगळूने दोन्ही जोडल्या.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

वरच्या कार्यालयाचे पत्र आले. चोवीस तारखेची बॅटरी मी कळवली होती, त्यावर: बॅटरी बाराच दिवसांत संपली, यंत्र परवानगीशिवाय चालवले जात असल्याचा संशय आहे. सोबत छापील जबाब जोडला आहे: "शिपायाने यंत्र खाजगी कामासाठी वापरल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे." खाली माझ्या सहीची जागा. वीस तारखेपर्यंत जबाब किंवा दुसरे समाधानकारक कारण न आल्यास यंत्र परत नेण्यात येईल.

हेडमास्तरांनी बॅटऱ्यांच्या तारा सोडवून त्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. समजुतीच्या स्वरात म्हणाले, सही करून टाका, तुमच्या नोकरीला अजून वर्ष व्हायचे आहे. यंत्र राहील. मंगळूचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, त्याला शेत आहे. त्याला शेत नाही, भावाच्या शेताला तो कापणीला जातो, हे त्यांनाही माहीत आहे.

जे पाहिले नाही ते पाहिले असे मी कशी लिहू? आणि तो वाजवत नाही हे तरी मी कुठे पाहिले आहे?

बाबांच्या वहीत "दोन बॅटऱ्या, एक भार" अशा शीर्षकाखाली समीकरणे आहेत. ती सुटली तर कोणती बॅटरी किती प्रवाह देते ते कळेल. जुनी किती मदत करते ते कळेल. कारण हिशेबातून निघाले पाहिजे. मला दुसरा मार्ग येत नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

मला बीजगणित येते असे मी समजत होते.

बाबांनी मला घरीच शिकवले. चौथीपर्यंत शाळा अशी पाहिलीच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटी घेऊन बसायचे आणि ते जेवता जेवता उदाहरण घालायचे. क्ष म्हणजे झाकलेल्या टोपलीतले आंबे. समीकरण म्हणजे तागडी. त्या शिकवणीवर मी सातवीच्या फायनलला गणितात पहिली आले. आता नऊ वर्षांनी कंस दिसला की मी अडते. कंसाबाहेरचा सहा आत दोघांनाही गुणतो हे आठवायला आज एक तास गेला.

वहीत असे आहे. नवी बॅटरी क्ष देते, जुनी य देते. तारांच्या सांध्यावर जेवढे येते तेवढेच पुढे जाते, म्हणून रेडिओला क्ष अधिक य. रेडिओचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारी अडवणूक, सहा ओहम, हे यंत्राच्या पुस्तिकेत आहे. कोरड्या बॅटरीचा आतला रोध "सुमारे १", हे बाबांच्या अक्षरात. सुमारे या शब्दाने माझी झोप जाणार.

१० ऑक्टोबर, सोमवार

रोज शाळा भरण्याच्या आधी तासभर वर्गाच्या फळ्यावर करते. मंगळू झाडतो, पाणी भरतो, मी पुसते. दोघे एकमेकांशी कामापुरते बोलतो.

आज एवढे जमले:

७ क्ष + ६ य = १.५
६ क्ष + ७ य = १.१

एवढ्याला तीन दिवस. सोडवले तेव्हा य उणे आला. पुसले.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा उणे. कुठे चिन्ह बदलायचे राहिले ते सापडत नाही. पक्ष बदलला की चिन्ह बदलायचे, एवढे तर येते.

बाबांचा नियम पक्का होता: उत्तर उणे आले की पाटी पुसायची आणि पहिल्यापासून करायचे. टोपलीत उणे आंबे नसतात. मी विचारायची, पण चुकले कुठे? नेमके तेव्हाच त्यांना वीजघरात काही तरी आठवायचे आणि ते अर्ध्या जेवणावरून उठायचे. आई चिडायची. मला मात्र त्यातून शिस्त लागली.

१२ ऑक्टोबर, बुधवार

उणे.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

उणे. आज दुसऱ्या रीतीने केले, क्षची किंमत काढून दुसऱ्या समीकरणात घातली. खडू मोडला. मुले आली तेव्हा फळा ओला होता आणि मी पहिलीच्या एका मुलीवर विनाकारण रागावले. पाढे तिने बरोबर म्हटले होते.

गोदीबाई म्हणते, "फळ्याला काय इचारता? मंगळूला इचारा. फळा काय रेडिओ राखाया नव्हता."

मी म्हटले, विचारून काय होणार, तो नाहीच म्हणेल.

ती म्हणाली, "मंग त्याचं नाय आयका."

ही माणसे सगळे किती सोपे समजतात.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांच्या वहीत हेच उदाहरण मिळाले! आकडे वेगळे, वीजघरातल्या मोठ्या बॅटऱ्यांचे, पण मांडणी हीच. घाईने पान उलटले तर खाली उत्तराच्या जागी कागद खरवडलेला आहे, पाते लावून, इतका की पलीकडचे दिसते. त्याच्या पुढच्या पानावरही तसेच. बाबा किती काटेकोर. चुकलेले उत्तर त्यांनी वहीतही राहू दिले नाही.

मला त्याचा उपयोग मात्र काही नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

नागलीची कापणी चालू आहे, गावात कोणी नाही. दिवसभर फळ्यापुढे. आधी दशांश चिन्हे काढून टाकली, दहाने गुणून. मग चिन्हे परत घातली. आतला रोध एक नसून दोन असेल म्हणून दोन धरून पाहिला. तरी उणे, फक्त लहान. अर्धा धरला तर मोठे उणे. म्हणजे मी कोणत्याही आकड्यांनी चुकू शकते.

मनात आले, सही करावी आणि झोपावे. ते मनात आले हे इथे लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज काय झाले ते क्रमाने लिहिते, कारण मला त्याचा विसर पडू द्यायचा नाही.

सकाळी नव्याने मांडले. या वेळी दोन्ही समीकरणांची बेरीज केली: तेरा गुणिले (क्ष + य) बरोबर २.६. म्हणजे क्ष + य = ०.२. मग वजाबाकी: क्ष − य = ०.४. इतके स्वच्छ कधीच आले नव्हते. क्ष = ०.३. आणि य = −०.१.

मी फडके उचलले.

मंगळू हंडा घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "बाई, रागावू नका. एक इचारू?"

मी म्हटले, विचार.

"माना वाचता येत नाय. पण ही खालची आडवी रेघ, तिच्या पुढचं ते गोल नि शेपटी, हे रोज येतं. दिस आठ झाले. तुम्ही वरचं सगळं बदलता, खाली हेच येतं. आणि तुम्ही रोज पुसता."

मी म्हटले, ते चुकीचे आहे म्हणून.

"एकच माणूस रोज दारात येऊन तेच सांगत असंल," तो म्हणाला, "तं एखाद दिस त्याला बसाया सांगावं."

हंडा ठेवून तो घंटा द्यायला गेला.

मी पुसले नाही. मुलांना बाहेर झाडाखाली बसवले आणि दिवसभर फळ्यावर ते तसेच ठेवले. मधून मधून आत जाऊन पाहिले. चौथ्यांदा पाहिले तेव्हा मला आंबे दिसेनासे झाले. य म्हणजे टोपलीतली वस्तू नाही. तो वाहतो. आणि तो कोणत्या दिशेला वाहतो हे मीच पहिल्या ओळीत ठरवून टाकले होते: जुनीतून बाहेर, रेडिओकडे. मी न विचारता ठरवले होते. उत्तर आठ दिवस सांगत होते की बाई, एक दशांश आहे, पण उलट्या बाजूने.

जुनी काही देत नव्हती. घेत होती.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पडताळा घेतल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. समीकरण खरे असेल तर रेडिओ चालू असताना व्होल्टमीटरचा काटा १.२ वर यायला हवा, सहा गुणिले ०.२. हेडमास्तरांची परवानगी घेऊन कपाट उघडले. मंगळूने पूर्वीसारख्याच तारा जोडल्या, मी बटण फिरवले.

१.२. मंगळूला व्होल्टमीटर धरायला दिला आणि आकडा पुन्हा वाचला.

मग मी रेडिओ बंद केला. का केला ते सांगता येत नाही, सवयीने. काटा १.५ वर परत जाईल असे वाटले होते. तो १.३ वर थांबला. रेडिओ बंद, आणि नवी बॅटरी तरी दबलेली. जमिनीवर खडूने केले: दोघींतला फरक ०.४ भागिले दोघींचा आतला रोध २. प्रवाह ०.२. रेडिओ वाजताना घेतो बरोबर तेवढाच. आम्ही बटण बंद करून घरी जात होतो आणि इथे जुनी नवीला रात्रंदिवस पीत होती. बारा दिवस का, ते आता कोणीही सांगेल.

मंगळूला मी बाणांनी दाखवले. त्याने बाणांवरून बोट फिरवले.

"म्हंजे म्हातारा ओढत नव्हता," तो म्हणाला. "नव्याच्या गव्हाणीत तोंड घालून खात होता. आणि सांजेला सोडलं तरी खातच होता."

"हो."

"मीच जुंपला." मग म्हणाला, "आमच्यात जुना बैल असा नसतो, बाई."

त्याने जुनीची तार सोडवली आणि ती बॅटरी हळूच कोपऱ्यात ठेवली. मला त्याची क्षमा मागायची होती. दोऱ्याबद्दल. तोंडून निघाले ते असे की, उद्या फळा पुसायला हरकत नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

अहवाल लिहायला बसले आणि अडले. "बॅटऱ्या कोणी जोडल्या" हे लिहावेच लागेल. मंगळू म्हणतो, माझे नाव घाला, हात माझाच होता. हेडमास्तर म्हणतात, कोणाचेच घालू नका, "जोडल्या गेल्या" असे लिहा.

तारीख नक्की करायला ही वही मागे चाळली. बारा सप्टेंबर. माझ्याच अक्षरात: वाया घालवू नये असे मी म्हटले. आणि त्याच्या पुढे, जोडल्यावर: बरे केले.

आठ दिवस मी फळ्यावर कारण शोधत होते आणि ते इथे, उशाशी होते. वाया घालवू नये म्हणणारी मी, जोडलेल्या पाहणारी मी, आणि त्याची किल्ली डोळ्यांपुढे आणणारी मी.

लिहिले: "जुनी बॅटरी माझ्या सांगण्यावरून व माझ्या समक्ष जोडण्यात आली." छापील जबाब कोरा परत जोडला. समीकरणांचे एक पान, व्होल्टमीटरचे आकडे एका पानावर. उणे चिन्हाखाली लाल शाईने रेघ मारली, म्हणजे कोणी चूक समजून खोडणार नाही.

हेडमास्तर वाचून म्हणाले, "एवढे खरे लिहायला कोणी सांगितले होते?" तरी त्यांनी शिक्का मारला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आले. शिपायावरील संशय काढून टाकला आहे. यंत्र खोडाळ्यात राहील. संपलेल्या बॅटऱ्या यापुढे परत पाठवाव्यात. आणि शेवटी: शिक्षिकेचा निष्काळजीपणा सेवापुस्तकात नोंदवला आहे.

निष्काळजीपणा. मला. जी कुलूप लावून दोनदा ओढून पाहते.

शब्द बरोबर आहे. मी तो तपासला. तरी दुपारी जेवण गेले नाही. समीकरणाबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पान कोणी वाचले की नाही कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी रेडिओ लागला. गोदीबाई पहिल्या रांगेत. मंगळू शेवटी, दाराशी, नेहमीप्रमाणे उभा. मी त्याला आत बसायला सांगितले. तो म्हणाला, इथूनही ऐकू येतं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार. जव्हार

दिवाळीसाठी घरी आले आहे. बाबांचा व्होल्टमीटर परत दिला. त्यांनी कानाशी धरून पाहिला, घड्याळासारखा, आणि खिशात टाकला.

सगळे सांगितले, फक्त सेवापुस्तकाचे राहिले. मग तेही सांगितले. सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी निळी वही परत ट्रंकेत ठेवत होते. ती हातात उघडली आणि खरवडलेली पाने उजेडात आली. दोनच नव्हती. जिथे जिथे दोन बॅटऱ्या, तिथे तिथे. त्यानंतर वही कोरी. नुसते उत्तर चुकले म्हणून कोणी थांबत नाही, पुढे करतो.

जेवताना मी विचारले, बाबा, वीजघरातल्या बॅटऱ्यांच्या उदाहरणात उत्तर काय येत होते?

त्यांनी भात कालवणे थांबवले. उठून जातील असे वाटले. आता उठून जायला वीजघर नव्हते.

"उणे यायचं," ते म्हणाले. "इंजिनियरसाहेबांनी दोनदा समजावलं. मला नाही कळलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. मग तू मोठी होऊन मलाच विचारायला लागलीस."

आईने ताटात वाढता वाढता म्हटले, म्हणून अर्धपोटी उठायचे होय, आणि मी इतकी वर्षे कढीला दोष देत होते.

ताटे उचलल्यावर मी पाटी आणली. उंबऱ्यावर या वेळी ते बसले, मी समोर. आंबे घेतले नाहीत. सरळ दोन बॅटऱ्या काढल्या आणि बाण काढले, आणि बाण आपण अंदाजाने काढतो हे आधी सांगितले. ते हळूहळू करत होते, जीभ दातांत धरून. एका ठिकाणी चिन्ह चुकले ते त्यांचे त्यांनीच सुधारले. शेवटी उत्तर आले. आडवी रेघ, शून्य, टिंब, एक.

त्यांचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

फडके तिथे नव्हते. मी आधीच त्यावर बसले होते.